चष्म्यातून दिसणारं जग: एआर आणि एक्सआरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनच्या पडद्यावरची माहिती आता थेट डोळ्यांसमोरच्या काचेवर येऊ पाहते आहे. त्याबद्दल वाचक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. कंपन्यांच्या घोषणा आणि घरात, कामावर, रस्त्यावर प्रत्यक्ष चालणाऱ्या गोष्टी यांत मोठं अंतर आहे, आणि उत्तरं देताना भर त्या अंतरावर आहे. माहिती २०२५ च्या अखेरपर्यंतची आहे.

एआर, व्हीआर, एमआर, एक्सआर: यांत फरक काय?

व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेट डोळे पूर्ण झाकतो आणि दिसतं ते सगळं संगणकाने काढलेलं असतं. एआरमध्ये (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी) समोरची खोली, रस्ता, माणूस तसेच दिसतात. त्यांच्यावर एखादा बाण, नाव किंवा चित्र चढवलेलं असतं. हे चढवलेलं चित्र खोलीशी जुळवून घेऊ लागलं, म्हणजे आभासी चेंडू खऱ्या टेबलावरून घरंगळत जाऊन बरोबर कडेवरून खाली पडला, की त्याला एमआर (मिक्स्ड रिअ‍ॅलिटी) म्हणायची पद्धत आहे. एक्सआर (एक्स्टेंडेड रिअ‍ॅलिटी) हे सगळ्यांचं मिळून नाव.

पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्येच हे एका सलग पट्ट्यासारखं मांडलं होतं. एका टोकाला निव्वळ खरं जग, दुसऱ्या टोकाला निव्वळ आभासी, मधे हव्या तितक्या छटा. आजचे बरेच हेडसेट एकाच यंत्रात या पट्ट्यावर मागेपुढे सरकतात, त्यामुळे नावांच्या वादात फार अडकू नये.

हे सगळं गेल्या चार-पाच वर्षांतलं आहे का?

अजिबात नाही. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा पहिला संगणकी पडदा दाखवला. तो इतका अवजड होता की छतापासून टांगावा लागे. त्यात खोलीत तरंगणाऱ्या रेषांच्या आकृती दिसत, आणि डोकं फिरवलं की त्या त्यानुसार बदलत.

एआर हे नाव मात्र कारखान्यातून आलं. १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल विमानातल्या तारांच्या जुड्यांवर काम करत होते. कामगारांना मोठमोठ्या फळ्यांवर, आराखडे बघत बघत तारा ओवाव्या लागत. त्या दोघांनी सुचवलं की कामगाराच्या डोळ्यांसमोर पारदर्शक पडदा ठेवावा आणि कुठली तार कुठून न्यायची ते फळीवरच दिसू द्यावं. हात कामात गुंतलेले, डोळे कामावर आणि माहिती तिथल्या तिथे, ही गरज पहिली होती. तीस वर्षांनंतरही या तंत्राचा सर्वांत भक्कम उपयोग तोच आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो पुन्हा येईल.

मी आजच एआर वापरतो आहे का?

बहुधा हो. फोनचा कॅमेरा पाटीवर धरला की अक्षरांच्या जागी दुसऱ्या भाषेतली अक्षरं दिसतात. गुगल मॅप्समध्ये २०१९ पासून पायी चालताना कॅमेऱ्यातल्या रस्त्यावर बाण उमटतात. चष्म्याची फ्रेम घरबसल्या चेहऱ्यावर लावून पाहता येते, सोफा खोलीत मावेल का हे फोनमधून बघता येतं. व्हिडिओ कॉलवर डोक्यावर फेटा किंवा कान चढवणारे फिल्टर हेही एआरच. २०१६ च्या जुलैत आलेल्या पोकेमॉन गो या खेळाने तर लाखो लोकांना फोन हातात घेऊन रस्त्यावर उतरवलं.

याकडे कोणी तंत्रज्ञान म्हणून बघत नाही, कारण ते दहा सेकंदांत काम करून बाजूला होतं.

मग चष्मा कशाला? फोन पुरे नाही का?

बऱ्याच कामांना पुरे आहे. पण फोन धरायला एक हात अडकतो आणि नजर खाली जाते. सलाईन लावणारी नर्स, शिडीवर चढलेला वायरमन, मोटार उघडून बसलेला मेकॅनिक, पोळ्या लाटताना पाककृती बघणारं कोणीही: यांचा हात मोकळा नसतो. आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना समोरच्याच्या ओठांकडे आणि चेहऱ्याकडे बघत राहायचं असतं, हातातल्या फोनकडे नाही. चष्म्याला कारण आहे ते इथे. नोटिफिकेशन डोळ्यांसमोर यावं म्हणून चष्मा घ्यायचा असेल तर तो न घेतलेला बरा.

गुगल ग्लास तर फसला होता. आता वेगळं काय आहे?

गुगल ग्लास २०१३ मध्ये १,५०० डॉलरला निवडक लोकांना विकला गेला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. बॅटरी लवकर संपे, उपयोग थोडे होते, आणि समोरच्या माणसाला आपलं चित्रण होतंय की काय अशी धास्ती वाटे. नंतर तो कारखाने आणि रुग्णालयांसाठी वेगळ्या रूपात आला आणि मार्च २०२३ मध्ये तिथूनही निवृत्त झाला.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. एक, चष्मा चष्म्यासारखा दिसू लागला. मेटा (म्हणजे पूर्वीची फेसबुक कंपनी) आणि रे-बॅन यांचा चष्मा साधारण ५० ग्रॅमचा आहे आणि लांबून ओळखू येत नाही. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे बोलून प्रश्न विचारता येणं. कॅमेऱ्यासमोर काय आहे ते ओळखून उत्तर देणारी एआय आल्यामुळे चष्म्याला काहीतरी करण्यासारखं मिळालं. ग्लासच्या काळी ते नव्हतं.

समोरच्या माणसाची धास्ती मात्र तशीच आहे. किंबहुना चष्मा ओळखू येत नसल्याने ती वाढायला हवी.

मेटाव्हर्सचं काय झालं?

मेटाव्हर्स म्हणजे हेडसेट घालून लोक जिथे भेटतील, काम करतील असं आभासी जग. त्यावर भर देत फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचं नावच मेटा केलं. हेडसेट आणि चष्मे बनवणाऱ्या त्यांच्या विभागाचा तोटा २०२२ मध्ये सुमारे १३.७ अब्ज, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर होता. हेडसेट घालून आभासी सभागृहात बैठका घ्यायला लोक आले नाहीत. तो पैसा सगळा वाया गेला असं मात्र मी म्हणणार नाही. आज जे हलके चष्मे दिसतात त्यांच्यामागचं बरंचसं संशोधन त्याच खर्चातून झालं.

पूर्ण एआर दाखवणारा चष्मा साध्या चष्म्याइतका हलका का होत नाही?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

खऱ्या जगावर चित्र चढवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात डोळे पडद्याने झाकायचे, बाहेरच्या कॅमेऱ्यांतून समोरचं दृश्य घ्यायचं आणि त्यात चित्र मिसळून पडद्यावर दाखवायचं. अ‍ॅपल व्हिजन प्रो, मेटा क्वेस्ट ३, सॅमसंगचा २०२५ मधला गॅलक्सी एक्सआर हे या जातीचे. चित्र फार सुंदर येतं, पण व्हिजन प्रोच्या पहिल्या आवृत्तीचं वजन ६०० ते ६५० ग्रॅम आहे आणि बॅटरी वेगळी, तारेने जोडून खिशात ठेवायची. शिवाय तुम्ही जग बघत नसता, जगाचं थेट प्रक्षेपण बघत असता. कॅमेरा बंद पडला की अंधार.

दुसऱ्या मार्गात काच खरोखर पारदर्शक असते. फ्रेमच्या कडेला बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा प्रोजेक्टर काचेच्या आत प्रकाश सोडतो. तो काचेतल्या काचेत परावर्तित होत पुढे सरकतो आणि ठरावीक जागी बाहेर पडून डोळ्यात शिरतो. अशा काचेला वेव्हगाईड म्हणतात. यात अडचणी एकात एक गुंतलेल्या आहेत. वाटेत बराचसा प्रकाश वाया जातो, म्हणून प्रोजेक्टर प्रखर हवा. तो प्रखर केला की बॅटरी संपते आणि कानशिलाजवळ उष्णता होते. काच फक्त प्रकाश मिळवू शकते, वजा करू शकत नाही, त्यामुळे खरा काळा रंग दाखवता येत नाही आणि आभासी वस्तू भुतासारख्या अर्धपारदर्शक दिसतात. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या रस्त्यावर त्या दिसाव्यात म्हणून किती प्रकाश लागेल याचा अंदाज करा.

आणि मग दृश्यकोन. माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं साधारण २०० अंश दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मेटा रे-बॅन डिस्प्लेमध्ये फक्त उजव्या काचेत, २० अंशांत, ६०० गुणिले ६०० ठिपक्यांचा चौकोन दिसतो. वजन ६९ ग्रॅम, किंमत ७९९ डॉलर. संदेश वाचायला, छोटा नकाशा बघायला पुरेसं आहे. खोलीभर चित्र उभं करायला नाही. त्याच कंपनीने २०२४ मध्ये ओरायन नावाचा नमुना दाखवला होता. दृश्यकोन सुमारे ७० अंश, वजन १०० ग्रॅमच्या आत, पण भिंगं सिलिकॉन कार्बाइडची. ती बनवणं इतकं महाग होतं की तो विक्रीला काढलाच नाही. स्नॅपचॅटवाल्या स्नॅप कंपनीचा २०२४ मधला, अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीचा चष्मा ४६ अंश दाखवतो, पण २२६ ग्रॅमचा आहे आणि बॅटरी जेमतेम पाऊण तास चालते.

वजन, कोन, प्रखरता, बॅटरी, किंमत. यातलं एक वाढवलं की दुसरं बिघडतं. म्हणून "पुढच्या वर्षी फोन जाणार" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पुढची काही वर्षं फोन खिशातच राहील आणि चष्मा त्याला जोडलेला असेल.

भारतात काय मिळतं?

मे २०२५ मध्ये रे-बॅन मेटा चष्मे २९,९०० रुपयांपासून अधिकृतपणे विकायला आले. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे त्यांत पडदा नाही. कॅमेरा, माइक, स्पीकर आणि एआय आहे. दिसत काहीच नाही, ऐकू येतं. काटेकोर अर्थाने तो एआर चष्मा नव्हे. तारेने फोनला जोडायचे चष्मेही मिळतात, ते मुख्यतः सिनेमा किंवा लॅपटॉपचा पडदा मोठा करून दाखवतात. अ‍ॅपल व्हिजन प्रो भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. परदेशातून आणलेला हेडसेट ओळखीतून स्वस्तात मिळत असेल तर दुरुस्ती कुठे होणार हे आधी विचारा.

सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात पहिला खरा फरक कुठे पडेल?

माझ्या मते ऐकू न येणाऱ्यांच्या आयुष्यात. समोरचा बोलतो ते शब्द चष्म्याच्या काचेवर उमटणं, एवढंच. फोनवर हे आजही होतं; गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब २०१९ पासून आहे आणि त्यात मराठीही चालते. पण घरात पाच जण जेवायला बसलेले असताना आजोबांनी फोन कोणापुढे धरायचा? ते गप्प बसतात, मान डोलावतात, हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतात. चष्म्यात ओळी दिसल्या तर ते पुन्हा ताटावरच्या गप्पांत येतील. यासाठी खोलीभर चित्रं नकोत, ७० अंश नकोत. दोन ओळी मावणारा छोटा हिरवा पडदाही चालेल, आणि तो आजच्या तंत्रात बसतो.

दुसरं, दृष्टी नसलेल्यांसाठी. डेन्मार्कमध्ये सुरू झालेली बी माय आइज ही सेवा स्वयंसेवकांना व्हिडिओ कॉल लावून "हे औषध कुठलं?", "बसचा नंबर काय?" असं विचारायची सोय देते. २०२४ मध्ये ती मेटाच्या चष्म्यांशी जोडली जाणार असल्याचं जाहीर झालं. एका हातात पांढरी काठी असताना दुसऱ्या हाताने फोन धरून रस्ता ओलांडणाऱ्याला हात मोकळा होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तिसरं, कामाच्या जागी. डीएचएल या मालवाहतूक कंपनीने नेदरलँड्समधल्या बर्गेन ऑप झूम इथल्या गोदामात माल वेचणाऱ्या कामगारांना चष्मे दिले, तेव्हा काम २५ टक्क्यांनी वेगवान झाल्याचं कंपनीने २०१५ मध्ये सांगितलं. हा आकडा कंपनीच्या सोयीचा आहे. त्या कामगारांची मान, डोळे आणि दिवसाअखेरचा थकवा यांचाही हिशोब मांडला जायला हवा, विशेषतः भिवंडीसारख्या गोदामांच्या पट्ट्यात असे चष्मे येतील तेव्हा.

रुग्णालयांत एआर चष्म्याशिवायही आलं आहे. शीर शोधणारं यंत्र जवळच्या अवरक्त प्रकाशाने रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखतं आणि शिरांचं जाळं हाताच्या कातडीवरच प्रकाशाने काढून दाखवतं. लहान बाळाला सुई टोचण्याच्या खेपा त्याने कमी होऊ शकतात. शस्त्रक्रियेत, जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जननी एआर हेडसेट घालून मणक्यात स्क्रू बसवले. रुग्णाच्या सीटी स्कॅनमधला मणका त्यांना रुग्णाच्या पाठीवरच दिसत होता आणि मान वळवून पडद्याकडे बघावं लागत नव्हतं.

मराठीत चालेल का?

इथे थोडी काळजी वाटते, आणि ती स्पष्ट सांगायला हवी.

चष्म्याला कीबोर्ड नसतो. त्याच्याशी बोलायचं असतं. म्हणजे ज्या भाषेतलं बोलणं यंत्राला कळत नाही, त्या भाषेच्या माणसाला चष्मा जवळजवळ निरुपयोगी. फोनवर निदान इंग्रजी मेनू बघून बोटाने मार्ग काढता येतो, इथे तेही नाही. रे-बॅन मेटा चष्म्यांत ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदी जाहीर झाली. मराठी त्या घोषणेत नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत.

भाषा यादीत आली तरी काम संपत नाही. आपण बोलतो ते पुस्तकी मराठी नसतं. "तो फॉर्म सबमिट करून टाकला का रे?" या वाक्यात यंत्राला दोन भाषा ओळखाव्या लागतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी लहेजे वेगळे. यंत्राला शिकवायला मुख्यतः बातम्या आणि वाचून दाखवलेली वाक्यं मिळाली, तर ते पुण्याच्या वृत्तनिवेदिकेचं समजेल आणि गडचिरोलीच्या आशाताईंचं समजणार नाही. ज्यांना हात मोकळे ठेवून मदत हवी आहे त्या याच बायका आहेत.

काचेवरच्या अक्षरांचाही प्रश्न आहे. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतात. ओळीला जागा जास्त हवी. थोड्या ठिपक्यांच्या पडद्यावर "क्ष्म" किंवा "द्ध्य" गिचमिड होतं. इंग्रजीसाठी बेतलेल्या चौकोनात मराठीच्या कमी ओळी मावतात, म्हणून बोलण्याच्या ओळी वाचून होण्याआधी सरकून जातात. हे सुटण्यासारखं आहे, पण आपण मागितल्याशिवाय कोणी सोडवणार नाही.

हातात काय आहे? केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प आणि आयआयटी मद्रासमधला एआयफोरभारत गट भारतीय भाषांसाठी खुली साधनं तयार करतात. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पात मराठीतली वाक्यं वाचून आपला आवाज कोणीही देऊ शकतं. महाविद्यालयांच्या एनएसएस गटांनी, विशेषतः पुण्या-मुंबईबाहेरच्या, हे काम हाती घेतलं तर त्याचा उपयोग खरोखर होईल.

रायगडावर उभं राहून राजवाडा जसा होता तसा दिसेल का?

तंत्र त्याला तयार आहे, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त ओढ याच गोष्टीची आहे. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात आग लागून गडावरच्या इमारती जळाल्या. आज आपल्याला जोती, पायऱ्या, भिंतींचे अवशेष दिसतात. लाकूडकाम आणि छपरं गेली. सहलीला आलेल्या सातवीतल्या मुलीला त्या जोत्यांवर खांब उभे राहिलेले दिसले, तर इतिहासाचा तास तिला कायमचा लक्षात राहील.

अडचण पहिली, जागा. जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो. तेवढ्या चुकीने खांब जोत्यावर न बसता शेजारच्या हवेत उभा राहतो. म्हणून कॅमेऱ्याला दिसणारे दगड आधी केलेल्या त्रिमितीय नकाशाशी जुळवावे लागतात. शहरांत गुगल हे २०२२ पासून स्ट्रीट व्ह्यूच्या छायाचित्रांवरून करतं. भारतात स्ट्रीट व्ह्यू त्याच वर्षी जुलैत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) यांसह दहा शहरांत सुरू झालं. गडासाठी असा नकाशा कोणाला तरी मुद्दाम ड्रोन आणि लेझर स्कॅनने करावा लागेल. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत. कामाला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

अडचण दुसरी जास्त गंभीर आहे. छप्पर कसं होतं, खांब किती उंच, रंग कुठला, यातलं बरंचसं अंदाजाने भरावं लागतं. पुस्तकातलं चित्र चित्रच राहतं. पण खऱ्या दगडावर, खऱ्या उन्हात उभं राहिलेलं चित्र डोळ्यांना पुराव्यासारखं वाटतं. उद्या कोणी एखाद्या टीव्ही मालिकेचा सेट उचलून तिथे बसवला, तर एक पिढी तोच राजवाडा समजेल. म्हणून माझा आग्रह असा की उत्खननात आणि कागदपत्रांत आधार असलेला भाग भरीव दाखवावा, अंदाजाचा भाग रेषांनी किंवा फिकट दाखवावा, आणि कुठल्याही भागाकडे बघून "याला आधार काय?" असं विचारता यावं.

गडावर नेटवर्क नसतं, हेही ध्यानात हवं. सगळं पायथ्याला डाउनलोड होऊन वर चाललं पाहिजे.

एखाद्या जागेवर काय दिसावं हे ठरवणार कोण?

पोकेमॉन गो आला तेव्हाच हा वाद झाला. पोलंडमधल्या आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकाने आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने आमच्या आवारात हा खेळ नको असं सांगितलं. गुजरात उच्च न्यायालयात देवळांच्या जागी खेळातली अंडी दिसतात म्हणून जनहित याचिका झाली होती. तेव्हा ते फोनमध्ये होतं. उद्या पंढरपुरात महाद्वारासमोर कोणी आभासी जाहिरात टांगली, तर ती काढायला नगरपरिषदेकडे जायचं की मंदिर समितीकडे? खऱ्या फलकाला परवाना लागतो, या फलकाला आज कोणाचाच लागत नाही. हा नियम चष्मे घरोघरी पोचण्याआधी व्हायला हवा.

समोरचा माझं चित्रण करतोय हे मला कसं कळणार?

मेटाच्या चष्म्यांत चित्रण सुरू असताना पुढच्या बाजूला पांढरा एलईडी लागतो आणि तो झाकला तर कॅमेरा अडून बसतो. भर उन्हात तो ठिपका दिसणं कठीण, आणि त्याचा अर्थ बहुतेकांना माहीत नाही. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी धोका लक्षात आणून देण्यासाठी याच चष्म्याला चेहरा शोधणारी सेवा जोडून दाखवली: अनोळखी माणसाकडे बघितलं की त्याचं नाव आणि इतर माहिती फोनवर येत होती. त्यांनी प्रणाली खुली केली नाही, पण ती बाजारात मिळणाऱ्या गोष्टींतूनच बनली होती.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. स्त्रीचं खासगी कृतीतलं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागांचं चित्र घेण्याला शिक्षा देतं. पण लोकलच्या डब्यात, बागेत, दुकानात साधं चित्रण यात बसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तोही व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. चष्मा घातलेला माणूस नेमका या फटीत बसतो.

कायदा येईपर्यंत संस्थांनी आपले नियम करावेत. दवाखाना, शाळा, वसतिगृह, व्यायामशाळा, कपडे बदलायच्या खोल्या असलेली दुकानं इथे "कॅमेऱ्याचे चष्मे काढून ठेवा" ही पाटी आजपासून लावता येते. आणि नंबरचा चष्मा त्यातच बसवून घेतला असेल तर जवळ साधा दुसरा ठेवावा, म्हणजे काढायला सांगितल्यावर अडणार नाही.

कंपनीला माझ्याबद्दल काय कळतं?

नजर टिपणाऱ्या हेडसेटला तुम्ही कशाकडे, किती वेळ बघितलं ते कळतं. घराचा आकार, भिंती, वस्तू यांचा नकाशा त्याला लागतोच. अ‍ॅपल म्हणतं की नजरेची माहिती अ‍ॅपना दिली जात नाही. प्रत्येक कंपनी असं म्हणत नाही. घेण्याआधी एकच बघा: चित्रं आणि आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातात का, आणि ते बंद करता येतं का.

डोळ्यांना त्रास होतो का?

एरवी जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगही जवळच्या अंतराला जुळतं. हेडसेटमध्ये चित्राचं केंद्र सहसा दीड-दोन मीटरवर पक्कं असतं. आभासी फुलपाखरू हातावर आलं की डोळे वळतात जवळ, भिंग राहतं दूर. मेंदूला हे विसंगत वाटतं, त्यातून डोकं दुखतं, डोळे थकतात. डोकं हलवल्यावर चित्र बदलायला सुमारे २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर घाटात बस लागते तसं मळमळतं. एका कोपऱ्यात दोन ओळी दाखवणाऱ्या चष्म्यात हे त्रास बरेच कमी. अपस्मार, चक्कर किंवा नुकती झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलांना द्यावा का?

व्हिजन प्रोसाठी किमान वय १३ आहे. मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली १० वर्षांवरच्या मुलांना परवानगी दिली. आपल्या नव्या विदा कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. शाळेत हृदयाचं त्रिमितीय चित्र दहा मिनिटं दाखवायला हरकत नाही, तेही टॅबवर छान होतं. घरी रोजचा खेळ म्हणून नको.

गाडी चालवताना?

नको. कारच्या पुढच्या काचेवर वेग आणि वळण दाखवणारी सोय त्यासाठीच बेतलेली असते, ती वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेल्या उपकरणाचा उल्लेख आहे, चष्म्याचा नाही. पण खड्डा चुकवताना डोळ्यांसमोर संदेश उमटला तर कलम कुठलं हे बघायला वेळ मिळणार नाही. दुचाकीवर तर मुळीच नको.

यात करिअर करायचं तर काय शिकावं?

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, गेमिंग आणि एक्सआरसाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं, आणि मुंबईत याच क्षेत्रासाठी भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी राहते आहे. युनिटी, अनरिअल आणि ब्लेंडर ही त्रिमितीय चित्रं आणि खेळ बनवायची तीन साधनं घरच्या संगणकावर फुकटात शिकायला सुरुवात करता येते. पण साधनं येणारे पुष्कळ असतील. वेल्डिंग शिकवताना हात कुठे चुकतो हे माहीत असलेला आयटीआयचा शिक्षक, पुरातत्त्वाचा अभ्यासक, श्रवणदोष असलेल्या मुलांसोबत काम केलेली शिक्षिका, यांनी हे तंत्र शिकलं तर त्यांच्या हातून जे घडेल ते निव्वळ प्रोग्रॅमरच्या हातून घडणार नाही. आपला मूळ विषय सोडू नका.

आत्ता घ्यावा की थांबावं?

ऐकण्याची किंवा दिसण्याची अडचण असेल, किंवा कामात हात मोकळे हवे असतील, तर दुकानात जाऊन वापरून बघा आणि उपयोग झाला तर घ्या. बाकीच्यांनी थांबावं. बघायला जाताना आपला नंबर किती हे लिहून न्या, कारण सगळ्या चष्म्यांत जास्त नंबर बसत नाही. अर्धा तास डोळ्यांवर ठेवा. नाकावर वळ उठतो का, कानामागे गरम होतं का बघा. बाहेर उन्हात जाऊन अक्षरं वाचून बघा. आणि दुकानदाराला सांगा की याच्याशी मराठीत बोलून दाखवा.